मोटारीच्या खोलीत लिहिलेली प्रकरणं

सांगलीतल्या एका वाचनालयात माझ्या तिसऱ्या कादंबरीवर गप्पांचा कार्यक्रम होता. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्ही लिहिता कुठं बसून?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "चांगलं असेल ते घरात आणि वाईट असेल ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत." सगळे हसले. बाई विनोदी आहेत असं वाटलं असणार. पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. पोरानं पाढा बरोबर म्हटल्यावर मास्तर डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली आणि पदर सावरून बसल्या.

त्या मुलीला पूर्ण उत्तर द्यायला वेळ नव्हता. चहा गार होत होता आणि आमची शेवटची एसटी होती. म्हणून इथं लिहिते.

माझं माहेर म्हसवडकडचं, कोरडवाहू. लग्न होऊन कृष्णाकाठच्या या गावात आले, तेव्हा पाटाला दिवसभर पाणी वाहतंय आणि कुणी त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही, याचंच मला नवल वाटायचं. इथं चारी बाजूंनी ऊस आणि घरोघरी फौजी. आमचे हेही फौजेत. बघायला आले तेव्हाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मी सुट्टीपुरता येणार. बाकी संसार तुला माझ्या आईबरोबर करायचाय." मी हसून हो म्हटलं, पण पुढं अक्षरशः तसंच झालं. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. सासूबाई शेत आणि म्हैस बघतात. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मग नात्यातली असो नसो. सासरे फार लवकर गेले, हे तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून घराचा कारभार आत्यांच्या हातात आहे आणि तो कुणी मागितलेलाही त्यांना खपत नाही.

मी लिहिते हे आत्यांनी पहिल्यापासून मान्य केलं, फक्त एका अटीवर. लिहिलेलं आधी त्यांना ऐकवायचं. त्यांना वाचता येतं, पण चष्मा लावून अक्षरं जुळवत बसायचा कंटाळा. "तू वाच, मी ऐकती. माझं हातबी चालू ऱ्हात्यात," असं म्हणत त्या दुपारी शेंगा फोडायला घेऊन बसायच्या आणि मी वाचायची. त्यांचं समीक्षण रोखठोक असे. पहिल्या कादंबरीच्या वेळी म्हणाल्या, "पाऊस लय पडतोय गं तुझ्या पुस्तकात. पेरण्या कवा करायच्या माणसांनी?" मी पाऊस कमी केला. दुसरी कादंबरी दोन जावांच्या भांडणाची होती. ती आल्यावर गल्लीतल्या यच्चयावत जावांनी ती आपल्यावरच आहे असं धरलं. एकीनं मला पिठाच्या गिरणीत गाठून विचारलं, "मी कवा गं असं बोलली?" बोलली होती, पण ते जाऊ द्या.

तिसरी कादंबरी फौजीच्या घराची. बंदूक मी कधी जवळून पाहिलेली नाही, त्यामुळं लढाईच्या वाटेला जायचंच नव्हतं. मागं राहिलेलं घर लिहायचं होतं. एक म्हातारी आई, एक सून, सुनेची लहान मुलगी, आणि सुट्टीपुरता येणारा तो. तो मध्यावर मरणार हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. आमच्या गावात वेशीजवळ चौथऱ्यावर एका जवानाचा अर्धपुतळा आहे. कॉलेजला जाताना एसटीची वाट बघत मी त्याच्या शेजारीच उभी असते. रोज त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याच्याबद्दल लिहायचं नाही, हे मला जमेना. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला भीती वाटायची. ह्यांचा फोन ठरल्या वेळी आला नाही की मी वर्गात ओव्या शिकवता शिकवता फोन बघत असायची. वाटायचं, एकदा लिहून काढलं की ही भीती कागदावर जाऊन बसेल आणि माझा पिच्छा सोडेल.

आत्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना तो मुलगा आवडायला लागला होता. "गुणाचं पोरगं हाय," म्हणायच्या. "सुट्टीवर आल्या आल्या आधी गोठ्यात जातंय बघ." मी मान खाली घालून पुढं वाचायची.

मग ते प्रकरण आलं. मधल्या खोलीतल्या टेबलावर बसून मी ते एका बैठकीत लिहिलं आणि दुपारी वाचायला घेतलं. गावात गाडी येते, गाडीतून साहेब उतरतात, बायका घरात निरोप द्यायला कुणी पुढं व्हायचं यावरून एकमेकींकडं बघतात, तिथपर्यंत आले आणि शेंगा फुटायचा आवाज बंद झाला. मी वर बघितलं. आत्यांनी सूप खाली ठेवलं होतं.

"कुठं बसून लिहिलंस हे?"

"हितंच की. टेबलावर."

"देवघराच्या भिंतीला पाठ लावून." खरं होतं, टेबल तिथंच आहे. "अगं, वास्तू तथास्तु म्हणत असती."

हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. घरात वाईट बोलू नये. वास्तू सगळं ऐकते आणि तसंच होवो म्हणते. म्हणून कुंकवाची डबी रिकामी झाली तरी कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. मीही आजवर तसंच म्हणत आले होते, पण कादंबरीलाही हा नियम लागू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आवं आत्या, कादंबरी हाय ती. खोटं असतंय सगळं."

"खोटंच लिहायचं हाय, तर त्याला जिता ठेवायला काय धाड भरलीया तुला?"

एम.ए.ला मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. पण हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता. आत्या म्हणाल्या, फाडून टाक. मी म्हटलं, फाडणार नाही. त्या उठल्या, देवापुढं निरांजन लावलं, आणि तिथून पुढं माझ्याशी बोलणं बंद केलं.

मी तापट आहे आणि आत्या हट्टी. ह्यांचं म्हणणं असं की आमच्या दोघींपेक्षा बॉर्डर शांत असते. आत्या रुसल्या की म्हशीशी बोलतात. "तुझं बरं हाय बाई, रवंथ करतीस ते चाऱ्याचा तरी करतीस," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. मीही मग भांडी जरा जोरात आदळायची. ते प्रकरण कपाटात साड्यांखाली होतं. ते पुढंही सरकत नव्हतं आणि माझ्याच्यानं फाडवतही नव्हतं. पुण्याच्या प्रकाशकांना मी सांगून टाकलं की कादंबरी अडलीय. ते समजूतदारपणे म्हणाले, "कलाकृतीला वेळ लागतोच." कलाकृतीला वेळ लागत नव्हता. तिला सासू आडवी आली होती.

आणि नेमका तेव्हाच ह्यांचा फोन बंद झाला. चौकीकडं बर्फ फार पडला की असं व्हायचं, नवीन नव्हतं. पण या खेपेला आमच्या घरात कपाटात ते प्रकरण होतं. आत्या मला एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, पण त्या नुसत्या जेवताना दोन घास कमी खायच्या. मीही रोज कॉलेजातून आल्यावर कपाटाकडं बघायचं टाळायची. मी शिकलेली बाई, आणि मलाही वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी तोंडातून काढून बसलो. हे मी त्यांना सांगितलं असतं तर आम्ही दोघी एका बाजूला आलो असतो. पण तेवढं नमतं घेणं माझ्यात नाही.

फोन एका सकाळी आला, आत्या धार काढून येत होत्या तेव्हा. मी स्पीकर लावला. आत्यांनी चरवी हातात असतानाच सुरुवात केली, "तुझ्या बायकोनं एकाला मारलंय."

"कुणाला?" ह्यांचा आवाज खरंच घाबरला होता.

"पुस्तकातल्या पोराला. फौजेतल्या."

पलीकडं हसणं. "कुठल्या युनिटचा होता?" आत्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. मग ते म्हणाले, "आई, लिहू दे तिला. आमी काय कुणाच्या लिहिण्यानं मरत न्हाई. आणि तू गं, आईला दुखवू नको." म्हणजे दोघींना एकेक पान लावून दिलं आणि स्वतः फोन ठेवून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आत्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात किल्ली होती.

"लिहिल्याबिगर तुला राहवणार न्हाई?"

"न्हाई."

"मग ह्या घरात न्हाई लिहायचं. मोटारीच्या खोलीत जाऊन लिही. तिची कवा वास्तुशांत केल्याली न्हाई. तिला वास्तू म्हणत न्हाईत."

"दसऱ्याला आपुन स्टार्टरला हळदकुंकू वाहतो की."

"ती मशिनीची पूजा. खोलीची न्हवं."

एवढं तत्पर उत्तर आल्यावर मला कळलं, की इतके दिवस या बाई नुसत्या रुसल्या नव्हत्या. माझ्या कादंबरीसाठी जागा शोधत होत्या. सगळ्या बाजूंनी विचार करून, स्टार्टरच्या पूजेपर्यंत जाऊन, त्यांनी ती शोधली होती. मला भरून आलं. भरून आलं की मी चिडल्यासारखी बोलते, म्हणून म्हटलं, "तिथं धामण निघती." आत्या म्हणाल्या, "काठी घिऊन जा."

लिहिलेलं प्रकरणही घरातून बाहेर काढायचं होतं. कागद ठेवायला मी ह्यांची काळी पत्र्याची पेटी घेतली, नंबर रंगवलेली, फौजेतून पहिल्या सुट्टीला आणलेली. आत्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "त्याची पेटी न्हाई." आणि गोड्या तेलाचा रिकामा डबा घासूनपुसून दिला. माझ्या कादंबरीचा मधला भाग त्या डब्यात राहिला. प्रकाशकांकडं गेला तेव्हाही पानांना शेंगदाण्याच्या तेलाचा वास येत होता.

मोटारीची खोली म्हणजे विहिरीच्या काठावर विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. आत स्टार्टर, ग्रीसचा डबा, खताच्या रिकाम्या गोण्या, कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं. मी क्रेट पालथा घालून त्यावर बसायची आणि मांडीवर फळी घ्यायची. वीज कधी येईल त्याचा नेम नाही. आली की स्टार्टर खटकन पडायचा आणि मोटर अशी सुरू व्हायची की वाक्य तिथंच तुटायचं. मी बाहेर येऊन पाटात पाय सोडून बसायची. वीज गेली की परत आत. शेजारच्या रानातून चुलत सासरे हाक मारायचे, "काय मास्तरीनबाई, मोटर बिघडली काय?" मी म्हणायची, "न्हाई मामा, माणसं बिघडल्यात, दुरुस्त करतेय." त्यांना वाटायचं मी उत्तरपत्रिका तपासते.

अटीचे बारकावे हळूहळू ठरत गेले. मरण तिकडं, हे तर झालंच. भांडणाचं मी विचारलं, तर आत्या म्हणाल्या, "भांडण घरात चालतंय. भांडण न्हाई असलं घर तू कवा बघितलंस?" दारू तिकडं. आजारपण साधं असेल तर इकडं, दवाखान्यात ॲडमिट करायचं असेल तर तिकडं. कादंबरीतल्या एका पात्राचं जरा भलतीकडं लक्ष होतं, त्यावर आत्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "ते तिकडंच ने. आणि मला लवकर ऐकीव."

मला या सगळ्याची गंमत वाटायची. पण लिहिताना त्याचा उपयोग व्हायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. दुःखाचं प्रकरण लिहायचं तर उसाच्या सऱ्यांमधून चालत जावं लागायचं, पाचट पायाला लागायचं, आणि तिथं बसल्यावर उगाच शब्द फुलवायची इच्छाच व्हायची नाही. संध्याकाळी डबा बंद करायचा, कुलूप लावायचं आणि घरी येऊन भाकरी थापायच्या. भीती तिकडंच राहायची. आयुष्यात पहिल्यांदा मी फोनची वाट बघताना नुसती वाट बघत होते.

ती प्रकरणं घरात वाचायचीही नव्हती. म्हणून आत्याच तिकडं यायला लागल्या. खोलीत येत नसत. बाहेर जांभळाखाली गोणी अंथरून बसत आणि मी दारात बसून वाचायची. गाडी आली ते प्रकरण त्यांनी तिथं पूर्ण ऐकलं. अंत्ययात्रेचंही ऐकलं. डोळे पुसले, पण मला थांबवलं नाही. शेवटच्या पानावर मी आले. आई अंगणात उभी आहे, सगळे परत गेलेत, अंगणात माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. कादंबरी इथं संपवायची असं मी ठरवलं होतं. शेवट मला स्वतःला फार आवडला होता.

"मग?" आत्या म्हणाल्या.

"मग काय. संपली."

"आणि ती?"

"कोण?"

"त्याची आई. ती सून. पोरगी. सकाळच्याला म्हशीची धार कुणी काढली?"

मी वैतागले. म्हटलं, "आत्या, पुस्तक कुठंतरी संपवावं लागतंय."

"पुस्तक संपीव की. घर कसं संपलं?" त्या गोणी झटकत उठल्या. "आमचं मालक गेलं तवा तिसऱ्या दिसाला मी धार काढायला बसली. म्हस पान्हाच सोडंना. तिला माझ्या हातावरच्या बांगड्यांचा आवाज लागायचा. मग तुझ्या नवऱ्यानं, पोर होतं ते, शेजारी बसून तांब्यावर चमचा वाजीवला. तवा पान्हा सोडला तिनं. आणि आमी दोघं हसलो. सुतकात हसलो." मग "हे कुणी लिहीत न्हाई," असं म्हणून त्या बांधानं घराकडं चालू लागल्या.

मी तिथंच दारात बसून राहिले. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. माझी कादंबरी मरणापाशी येऊन टाळ्यांसाठी थांबली होती आणि खरी सुरुवात पुढं होती, हे मला कळत होतं. पण लिहायचं कसं ते सुचेना. कित्येक आठवडे डबा मी नुसता उघडायची आणि बंद करायची.

मग हे सुट्टीवर आले. पहाटे मिरजेला उतरले आणि घरी आल्या आल्या आधी गोठ्यात गेले. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी आत्यांकडं. सुट्टीत त्यांनी मोटारीच्या खोलीचा पत्रा बदलला, गांधीलमाशा हाकलल्या आणि बसायला लाकडी स्टूल करून दिलं. "बायकोचं ऑफिस," म्हणून मित्रांना दाखवायला नेलं. मी त्यांना चमच्याची गोष्ट विचारली. ते हसत म्हणाले, "आठवतंय की. आई रडत रडत हसत होती." मग विषय बदलून त्यांनी स्टार्टरची वायर बघायला घेतली.

सुट्टी संपली. निघताना ते आईच्या पाया पडले, "येतो" म्हणाले, आणि त्यांची गाडी वेशीपलीकडं गेली. माणूस प्रवासाला गेला की त्या दिवशी लगेच केर काढत नाहीत. घर तसंच होतं. उंबऱ्यापासून ह्यांच्या बुटांच्या मातीचे ठसे, टेबलावर चहाचा कप. मी त्या ठशांकडं बघत बसले आणि मला पुढचं प्रकरण दिसलं. सगळंच्या सगळं. मी पॅड उचलला, किल्ली घेतली आणि निघाले.

"कुठं?" आत्यांनी विचारलं.

"मोटारीवर. लिहायला."

"काय लिहिणार हायस?"

मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं. ती सून धार काढायला बसते. तिला जमत नाही. म्हैस पान्हा सोडत नाही. सासू येऊन शेजारी बसते आणि तांब्यावर चमचा वाजवते. दूध येतं. दोघी एकमेकींकडं बघतात आणि हसायला लागतात, आणि ती लहान पोरगी घाबरून बाहेर येते, की ह्या हसतायत का.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे हितं बसून लिही."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. म्हटलं, "आवं आत्या, पण ह्यात तो न्हाई. तो गेलाय."

"कळतंय मला." त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली. "तो देवाच्या हातात हाय. पन त्या दोघी हसल्या न्हवं? मग घरात बसून लिही. म्हणू दे वास्तूला तथास्तु."

टेबलावरचा कप त्यांनी बाजूला सरकवला. मी देवघराच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि लिहायला लागले. आत्या सूप घेऊन समोर बसल्या. टरफलं खाली पडत होती आणि केर संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.